सोलापूरच्या आसपास एमटीबी (माउंटन बाइक): फोर्क बदलू का टायर? आणि शेतकऱ्यानं अडवलं तर?

सातरस्ता_सायकलवाला

सगळ्यांना नमस्कार. दिवाळीला हार्डटेल (मागं सस्पेन्शन नसलेली एमटीबी) घेतली, २९ इंची चाकं, २.२५ चे टायर, पुढं १०० एमएम दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), केबलवाले डिस्क ब्रेक, मागं आठ गिअर. आधी रोडवरच चालवत होतो, सात रस्ता ते हिप्परगा तलाव आणि परत, पण हायवेला ट्रकच्या धुरात एमटीबी चालवायची तर एवढे पैसे घालून काय उपयोग म्हणून आता आत मातीत शिरायलोय, आणि शिरल्यापासनं नुसती कटकट.

एक म्हणजे पंक्चर. सराट्याचा काटा ठरलेलाच. मागच्या वेळी घरी येऊन ट्यूब बादलीत धरली तर कुठं कुठं पॅच लावायचा तेच कळेना, शेवटी फेकून दिली. दुसरं म्हणजे वेड्या बाभळीची वाळकी फांदी मागच्या चाकात गेली, डेरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) वर ओढला गेला आणि तो फ्रेमला अडकवायचा पत्रा, हँगर, तुटला, तिथनं डांबरीपर्यंत सायकल ढकलत. दुकानवाला म्हणतोय पार्ट पुण्यावरनं येईल, अजून येतोयच.

तिसरी गोष्ट जास्त डोक्यात गेली. तुळजापूर रोडला आत एका शिवारात ज्वारीच्या कडेनं चाललो होतो, फोनवर सॅटेलाइट मॅपमध्ये वाट स्पष्ट दिसतीय, आणि पुढं एक मामा खुरपं हातात घेऊन उभे. "कुणाला इचारून शिरला बे?" मी मॅप दाखवला तर अजूनच पेटले. शेवटी आलो तसा माघारी.

तर प्रश्न असे की २० ते २५ हजार घालून एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेचा) टाकू का? ट्यूबलेस आपल्याकडं चालतं का? आणि बिनझंझट चालवायला जागा कुठली? नान्नजचं माळरान मॅपवर लई भारी दिसतंय, तिकडं कोणी जातं का?

माळावरचा_म्हातारा

फोर्कचं डोक्यातनं काढून टाक भावा. तो पैसा आत्ता ठेव बाजूला.

आपल्याकडचा माळ बघ नीट. वर विताएवढी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. मोठे ड्रॉप (एकदम खाली उडी) नाहीत, झाडांची मुळं नाहीत, घसरण आहे ती सुट्ट्या मुरमाची. ह्यात १०० एमएमचा साधा फोर्क पुरतो, सायकल सांभाळतो तो टायर. जी माणसं इथं वर्षानुवर्षं मातीत चालवतात त्यांच्या सायकली बघ, फोर्क जुनाट असतील पण टायरमध्ये कंजूषी कोणी करत नाही.

ट्यूबलेस चालतं का विचारलंस, ट्यूबलेसशिवाय चालत नाही असं म्हण. फक्त आधी रिमवर ट्यूबलेस रेडी लिहिलंय का बघ, स्वस्तातल्या सायकलीला बऱ्याचदा नसतं. असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि २९ च्या चाकाला साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव. सराट्याचं भोक जागच्या जागी बुजतं. काटा दिसला की उपटायचा आणि ते भोक खाली जमिनीकडं येईल असं चाक फिरवून दोन मिनिटं थांबायचं, बास. पण आपलं ऊन विसरू नको. सीलंट म्हणजे मूळात पातळ रबर, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सायकल उभी राहिली की आत वाळून त्याच्या गोळ्या होतात. डब्यावर सहा महिने लिहिलेलं असलं तरी तू दोन-अडीच महिन्यांनी व्हॉल्व्हची पिन काढून थोडं थोडं घालत राहा.

रिम तशी नसेल तर जाड ट्यूब घे, जिची व्हॉल्व्हची पिन निघते तशी, आणि त्यातच सीलंट घाल. शंभर टक्के नाही पण सराट्यापुरतं काम होतं. बाभळीचा काटा मात्र वेगळा, तो दोन इंची असतो, आरपार जातो, तिथं सीलंटनं काही होत नाही. म्हणून बांधावर बाभळी छाटलेल्या दिसल्या की सरळ उतरायचं आणि सायकल उचलून पलीकडं न्यायची, लाज वाटून घ्यायची नाही.

हवा किती भरतोस ते लिहिलं नाहीस. दुकानात टणक करून देतात, ५०-६० पीएसआय. ट्यूब असेल तर ३०-३५ वर आण, ट्यूबलेस झाल्यावर सत्तर किलोच्या माणसाला २२ ते २५ पुरे. हे फुकटातलं सस्पेन्शन आहे.

हँगर. हे लक्षात ठेव की तो तुटण्यासाठीच बनवलेला असतो, तो तुटला म्हणून तुझी फ्रेम वाचली. पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, त्यामुळं आता आला की एक नाही दोन घे आणि एक सीटखालच्या पिशवीत टाक. सोबत चेन तोडायचं टूल आणि आठ स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी). हँगर गेला तर डेरेलर बाजूला करायचा, चेन आखूड करून पुढच्या मागच्या एकेका दातेरी चाकावर सरळ बसवायची, सिंगल स्पीड करून घरी येता येतं. ढकलत यायची गरज नाही.

नान्नजबद्दल वेगळं लिहितो, तो विषय एका ओळीचा नाही.

कडक_भाकरी

एवढं सगळं वाचून मला एकच वाटतंय, सोलापूरसारख्या सपाट गावात एमटीबी घ्यायचीच कशाला 😄 हायब्रिड (रोड सायकल आणि एमटीबीच्या मधली) घ्या, ४० चे टायर टाका, पाणंद रस्त्यानं फिरा, कुठंतरी हुरडा खा आणि घरी या. डोंगर नाही तिथं माउंटन बाइक.

माळावरचा_म्हातारा

@कडक_भाकरी तुळजापूरच्या घाटात तुझी हायब्रिड घेऊन ये एकदा, डांबरीनं नको, बाजूच्या उतारानं. सोलापूर साधारण ४५० मीटरवर आणि तुळजापूर ६४० च्या आसपास, बालाघाटाची कडच आहे ती. दगड-धोंडे, कुसळ, वाळकी ओढ्याची पात्रं, सगळं आहे. डोंगर नाही म्हणणारे लोक हायवेवरनं देवीला जाऊन येतात आणि तेवढंच बघतात.

आता नान्नज. @सातरस्ता_सायकलवाला नको. माळढोकचं अभयारण्य आहे ते, १९७९ पासनं. आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं, शेतं, सगळं आलं होतं म्हणून लोकांची बोंब झाली आणि नंतर १,२२२ वर आणलं. पण जे उरलंय ते कायद्यानं अभयारण्यच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय आत शिरणं हाच गुन्हा, तू तिथं काय करत होतास हा पुढचा प्रश्न. सफारीला, पक्षी बघायला रीतसर जा, सायकल घेऊन गवतात नको.

आणि कायदा राहू दे बाजूला. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही एकच, उघड्या माळावर. टिटवी, चंडोल, धाविक सगळेच खाली. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागतं तेव्हा चाकाखाली काय आलं ते कळत पण नाही. काळवीट पळतात ते बघायला मजा वाटते पण प्रत्येक वेळी त्यांची ताकद जाते. येडशी-रामलिंगचं पण तेच, ते पण अभयारण्य. मॅपवर हिरवा डाग दिसला की मोकळं रान समजायचं नाही, उलट तिथं आधी वनखात्याला विचारायचं.

मुठेकाठचा_सोलापूरकर

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. म्हातारबाबांच्या जवळपास सगळ्या गोष्टी पटल्या पण एका मुद्द्यावर भांडतो. फोर्क नको हे ठीक, पण टायरनंतर पैसे ब्रेकमध्ये घाला. केबल डिस्क मुरमाच्या धुळीत दोन महिन्यांत जड होते, केबलच्या नळीत ती पिवळी भुकटी जाऊन बसते आणि उतारावर लिव्हर दोन बोटांनी दाबून भागत नाही, अख्खी मूठ आवळावी लागते, मग हात दुखतात आणि लोक म्हणतात फोर्क खराब आहे. साधे शिमानो कंपनीचे हायड्रॉलिक घ्या, केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, मिनरल ऑइलवाले. फक्त त्यात कारचं ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा घालू देऊ नका, गॅरेजवाले "सगळं एकच असतं" म्हणतात, तसं नसतं, आतली सीलं फुगतात आणि ब्रेक जातो.

अजून एक, चेनला जाड चिकट तेल घालू नका. आपल्याकडे त्यावर धूळ बसून काळी पेस्ट होते आणि ती दाते खाते. कोरड्या हवेचं ल्यूब किंवा वॅक्स, आणि लावल्यावर फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. आणि प्लीज, वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरचं पाणी मारू नका, हबमधलं आणि बॉटम ब्रॅकेटमधलं (पायडल फिरतात त्या मधल्या दांड्यातलं) ग्रीस निघून जातं.

वाटेच्या हक्काबद्दल: हे भांडण आपल्या गावापुरतं नाही. जिथून ही सायकल सुरू झाली त्या कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत पण तेच झालं. १९७६ मध्ये तिथल्या पोरांनी डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यावर उतारशर्यती सुरू केल्या आणि पुढच्या दहा वर्षांत चालणारे, घोडेवाले आणि सायकलवाले एकमेकांच्या जिवावर उठले, वाटा बंद व्हायला लागल्या. त्यातनं १९८८ मध्ये इम्बा ही एमटीबीवाल्यांची संघटना निघाली. त्यांचे नियम साधे आहेत: खुल्या असलेल्या वाटेवरच जा, माग ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, समोरच्याला वाट द्या, जनावरांना बिचकवू नका, तयारीनं निघा. आपल्याकडे घोडेवाल्याच्या जागी बैलगाडी आणि मेंढरं धरा, बाकी काही बदलावं लागत नाही.

बांधावरचा

मी मोहोळकडचा, घरी शेती हाय, सायकल पण चालवतो, म्हणून दोन्हीकडनं बोलतो.

भाऊ तुला मामांनी अडवलं ते मॅपमुळं नाही. बांध म्हणजे वाट नाही. बांध दोघांच्या सामाईकचा असतो आणि निम्म्या गावाचे खटले त्या बांधावरच चालू असतात, तू तिथनं चाक घातलं की एकाला वाटतं दुसऱ्यानंच रस्ता पाडायला पोरगं पाठवलं. हे तुला शहरात बसून कळणार नाही. मॅपवर जी पांढरी रेघ दिसती ती कधी कधी पाण्याच्या पाइपलाइनची चारी असती, कधी ट्रॅक्टर फिरलेला माग असतो.

दुसरं, ठिबक. वरनं काळी नळी दिसती, १६ एमएमची, तुला वाटतं त्यावरनं गेलं तर काय होतंय. एक तर ओल्या नळीवर पुढचं चाक आडवं गेलं की सायकल खालनं निघून जाती, आमच्या इथं एक जण तसाच पडला आणि गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. आणि नळीत खडा रुतून चीर पडली तर पुढच्या पाण्याच्या पाळीला सगळं पाणी तिथंच, मग शेतकरी रात्री बॅटरी घेऊन चीर शोधत फिरतो कारण लाइट रात्रीचीच असती. त्याला तुझा राग येणारच की.

जायचं कुठनं ते सांगतो. पाणंद रस्ता आणि शिवरस्ता. शिवरस्ता म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरनं जाणारा. महसूलच्या गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. तलाठ्याकडं नकाशा बघायला मिळतो, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचार, त्याला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. ह्या वाटा सगळ्यांच्या हायत, तिथं कोणी अडवत नाही, अडवलं तर तो बोलण्यात खोटा पडतो. पण कुठल्या तरी दोघांनी मिळून नांगरलेला शिवरस्ता पण असतो, तिथं हक्क सांगायला जाऊ नको, वळसा घाल.

आणि काही गोष्टी जिवावरच्या:

झटका मशीन. रानडुकरासाठी शेताला तार लावतात, रात्रीच चालू असती असं समजू नको, दिवसा पण विसरून राहती. झटक्यानं माणूस मरत नाही म्हणतात, पण काही जण गुपचूप घरच्या लाइटचा करंट सोडतात, ते बेकायदा हाय आणि त्यानं माणसं गेलेली हायत. तारेला हात लावून ओलांडायचं नाही, कधीच.

बिनकठड्याच्या विहिरी. गवत वाढलं की काठ दिसत नाही. अंधारात अनोळखी शिवारात उतारावर सोडून द्यायची नाही सायकल.

शेततळं. आत प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. बाटली भरायला म्हणून काठावर वाकलास आणि घसरलास तर पोहणारा असलास तरी वर येता येत नाही, हाताला धरायला काही नसतं. पाणी पाहिजे तर वस्तीवर माग, कोणी नाही म्हणत नाही.

सातरस्ता_सायकलवाला

बापरे, शेततळ्याचं डोक्यातच नव्हतं. @बांधावरचा धन्यवाद दादा, बांधाचं पण आता कळलं, मामांचा चेहरा वेगळ्या अर्थानं डोळ्यासमोर आला.

रिम बघितली, ट्यूबलेस रेडी नाही. म्हणजे ट्यूबमध्येच सीलंट. ब्रेकचं पण पटलं, आत्ता लिव्हर खरंच करकरतंय.

अजून दोन विचारतो. काळ्या मातीचं काय करायचं? सप्टेंबरच्या शेवटी मित्राची सायकल घेऊन गेलो होतो, रात्री पाऊस पडून गेलेला, शंभर फुटांत दोन्ही चाकं जाम, फोर्कच्या कमानीत माती अशी भरली की चाक फिरेना, उचलून न्यावं म्हटलं तर सायकलीचं वजन दुप्पट. आणि धनगराची कुत्री. तीन-चार एकदम येतात, जोरात पळवायची का थांबायचं?

माळावरचा_म्हातारा

काळ्या मातीला इलाज नाही. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, मधल्या काळात ती फक्त चिकटते. टायर कुठलाही घाल. आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच येतो आणि जातो पण दणकून, त्यानंतर कडक ऊन पडून तीन-चार दिवस गेल्याशिवाय काळ्या रानात जाऊच नको. एक तर तू अडकतोस, दुसरं म्हणजे ओल्या पाणंदीत पाडलेली चाकोरी वाळून दगड होते आणि मग बैलगाडीवाल्याचे हाल. त्या दिवसांत मुरमाचा माळ बघायचा, तिथं पाऊस थांबल्यावर तासाभरात चालवता येतं, उलट ओला मुरूम दाबून बसतो आणि वळणावर पकड चांगली मिळते. माझ्या मते वर्षातली सगळ्यात भारी राइड तीच.

मातीत सापडलासच तर पायडल मारून चाक फिरवायचा हट्ट करू नको, हँगर परत जाईल. काडीनं काढ, किंवा एक जुनं खुरपं ठेव पिशवीत. हसतील लोक, हसू दे.

कुत्र्यांबद्दल: पळवायची नाही. मेंढरामागची कुत्री चावायला येत नाहीत, हाकलायला येतात, पण तू पळालास की त्यांच्या दृष्टीनं तू पळणारं जनावर. लांबनं मेंढरं दिसली की तिथंच खाली उतर, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धर, धनगराला मोठ्यानं हाक मार, "ओ पाहुणं, कुत्री आवरा". तो एक शीळ घालतो आणि सगळी जाग्यावर बसतात. मेंढरांच्या मधनं सायकल घालू नको, एकदा कळप फुटला की त्याची संध्याकाळ जाते गोळा करण्यात. दगड उचलू नको, त्याच्यासमोर तर अजिबातच.

पांढरा_कोट

चावलंच तर: साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची, पंधरा म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तंबाखू, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची आणि सगळे डोस पुरे करायचे, "कुत्रं धनगराचं होतं, पाळलेलं होतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. मुरमात घासून पडलात तरी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा.

गळपट्टीच्या हाडाचं वर आलंय. पडताना खांदा थेट जमिनीवर आपटतो म्हणून ते बहुतेक वेळा मोडतं, सायकलवाल्यांत ते नेहमीचंच. खांदा खाली आला, हात वर होईना, तर ओढणी किंवा ट्यूबचीच झोळी करून हात छातीशी बांधा आणि कोणाच्या तरी गाडीवर बसून या, चालवत येऊ नका. डोक्याला मार असेल आणि उलटी झाली किंवा माणूस तेच तेच विचारायला लागला तर घरी झोपवायचं नाही.

हेल्मेटबद्दल कोणीच काही लिहिलं नाही याचं नवल वाटलं. "उन्हात घाम येतो" हे कारण रोज ऐकतो. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी (सुरक्षेच्या मानकाची खूण) लिहिलेलं बघून घ्या, आणि एकदा जोरात आपटलं की वरनं चांगलं दिसलं तरी बदला, आतला फोम दबलेला असतो. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत परत, दोन लिटर पाणी आणि ओआरएसचं पाकीट. घाम यायचा थांबला आणि थंडी वाजल्यासारखं झालं तर ताबडतोब सावली, अंगावर पाणी, फोन.

कडक_भाकरी

बरं बाबा, माघार. तुळजापूरच्या त्या उताराला कधी निघायचं ते सांगा, हायब्रिड घेऊनच येतो. कोजागिरीच्या आसपास ठेवू नका फक्त, तेव्हा अख्खं सोलापूर त्या रस्त्यानं चालत असतं.

माळावरचा_म्हातारा

कोजागिरीला अजून लई वेळ आहे. ह्या रविवारी साडेपाचला जुन्या पुणे नाक्यावर. @सातरस्ता_सायकलवाला तुझा हँगर येवो न येवो, फ्रेमच्या त्या भागाचा दोन्ही बाजूंनी फोटो टाक इथं, माझ्याकडं जुन्या हँगरचा डबा आहे, त्यातला एखादा बसला तर बसला. जाड ट्यूब दोन आण. @बांधावरचा तू येत असशील तर येताना वाटेतल्या वस्तीवर ओळखीचं कोण आहे का बघ, घाटाच्या अलीकडं गाड्या पाच-सहा तास ठेवायला आणि चहाला जागा पाहिजे.

बांधावरचा

आत्याचं घर हाय घाटाच्या पायथ्याला. सांगून ठेवतो. किती जण ते शनिवारपर्यंत कळवा, भाकरी टाकायच्या असतात.